एव्हरेस्ट आणि चकलीचा घाणा

चार तासांचा कार्यक्रम बघणं सोपं असतं. मध्येच उठावं, चहा टाकावा, कुणाला तरी "काय झालं?" विचारावं. खरा कस लागतो तो मिनिटभरात आटोपणाऱ्या गोष्टीत.

सिडनीच्या रँडविक रेसकोर्सवर दर ऑक्टोबरात ‘द एव्हरेस्ट’ नावाची घोड्यांची शर्यत होते. नाव एवढं उत्तुंग, पण अंतर बाराशे मीटर, म्हणजे त्या शिखराच्या उंचीचा सातवा हिस्साही नाही. होळकरांच्या घोडदळाला एवढं अंतर पाणी पाजायला नेतानाच पडत असेल. शर्यतीच्या जातीचे, म्हणजे थरोब्रेड घोडे ते साधारण सत्तर सेकंदांत संपवतात. तेवढ्या वेळात आमच्या इंदूरच्या जेल रोडवर स्कूटरचं पुढचं चाक हलत नाही. बक्षिसं मात्र एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची.

भाचा तिकडेच नोकरीला. "मामा, यंदा मी स्टँडात असणार, नक्की बघा," असा त्याचा फोन. शनिवार, 18 ऑक्टोबर 2025, तिथले सव्वाचार, म्हणजे इंदूरचे पावणेअकरा. पंचांग काही त्याने पाहिलं नव्हतं. त्या दिवशी धनत्रयोदशी.

नातू घोड्यांच्या नादी लागला, या धसक्याने आईने आधी माझी उलटतपासणी घेतली. तिला मी सगळी व्यवस्था समजावली. शर्यतीत जागा बारा. 2017 साली शर्यत सुरू झाली तेव्हा एकेक जागा सहा लाख डॉलरला गेली होती. जागा घेणाऱ्याकडे स्वतःचा घोडा असायलाच हवा असं नाही. आधी जागा घ्यायची, मग दुसऱ्याच्या घोड्याशी बोलणी करून बक्षिसाची वाटणी ठरवायची.

"म्हणजे कार्यालय आधी बुक करायचं आणि मग मुलगा शोधायला निघायचं," आई म्हणाली. ‘द एव्हरेस्ट’चं याहून नेमकं वर्णन माझ्या तरी ऐकण्यात नाही.

साडेदहाला मी टीव्ही लावून बसलो. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा तेलात होता. "अहो, मलाही बघायचंय, जरा थांबवा ना!" आतून आवाज आला. सिडनीतली शर्यत मी कशी थांबवणार? पण गॅसही बंद करता येईना, कारण तेल निवलं की चकली तेल पिते.

घोडे एकेक करून स्टार्टिंग गेटात शिरू लागले आणि गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं वाजलं. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेही 2017 सालीच. दोन्ही गोष्टींचा मुहूर्त एकच का निघाला असावा, हे मला त्या क्षणी उमगलं.

दिवाळीची साफसफाई, त्यामुळे दाराशी कचऱ्याचा डोंगर. आमच्याकडे ओला-सुका एवढ्यावर भागत नाही, सहा प्रकार वेगळे द्यावे लागतात. गाडी चुकवली असती तर सणासुदीला तो डोंगर उंबऱ्यातच राहिला असता. मी धावलो. माझ्या हातात रिमोटचे संपलेले दोन सेल होते, ते मी सुक्यात टाकायला आणि गाडीवाल्याने माझा हात अडवायला एकच गाठ पडली. "भाईसाब, ये इसमें नहीं, उधर." उधर म्हणजे कुठे, यावर आमची सविस्तर चर्चा झाली.

परत आलो तर जॉकी घोड्याची मान थोपटत होता. हाँगकाँगहून आलेला का यिंग रायझिंग जिंकला होता. परदेशी घोड्याने ही शर्यत मारण्याची ही पहिलीच वेळ, म्हणे. सौ. झारा हातात घेऊन दारात उभी. तिलाही फक्त थोपटलेली मानच दिसली. टीव्हीसमोर होती ती एकटी आई, आणि तिचा चष्मा देवघरात.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. मागे नुसता गोंगाट. "आजी, दिसलो का गं मी?"

"दिसलास की!" आई ठणकावून म्हणाली. "वाळलायस किती. जेवतोस ना वेळेवर?"