वेगळी सळई ठोकून रेडिओ स्टेशन सुरक्षित होत नाही

नव्याने हॅम (हौशी रेडिओ) परवाना घेणाऱ्यांसाठी लिहिलेला एक संदेश कोल्हापुरात हातोहात फिरतो आहे. चांगला ट्यूनर (रेडिओ आणि अँटेना यांची जुळणी करणारे उपकरण) घेतला की कोणतीही तार अँटेना म्हणून चालते, रेडिओचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून पूर्ण वेगळे ठेवले की गोंगाट येत नाही, आणि अर्थिंगची अशी स्वतंत्र सळई असली की आकाशातल्या विजेचीही भीती उरत नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. पहिले विधान अर्धेच खरे आहे. उरलेली दोन जिवावर बेतणारी असल्यामुळे त्यांचा विचार आधी करतो.

पॉवर सप्लायमध्ये बिघाड होऊन २३० व्होल्टची फेज धातूच्या पेटीला लागली आणि पेटी फक्त अंगणातल्या सळईला जोडलेली असली, तर प्रवाहाला मातीतूनच परतावे लागते. सळईचा रोध २० ओहम धरला तरी जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. त्यावर १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही आणि पेटीला हात लावणाऱ्याला धक्का बसतो. म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये. घराचे अर्थिंगही सळईवरच अवलंबून असेल, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे थोडासा प्रवाह गळला तरी वीज तोडणारा स्विच) बसवून घ्यावाच. गोंगाटाची तक्रार खोटी नाही, परंतु तिच्यावर उपाय म्हणून अँटेनाच्या कोॲक्स केबलवर फेराइटचा चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा गोंगाटाचा प्रवाह अडवणारी चुंबकीय कडी) घालावा. अर्थिंग तोडू नये.

आकाशातल्या विजेच्या बाबतीत स्वतंत्र सळई धोका उलट वाढवते. अँटेनावाटे २० हजार अँपिअरचा प्रवाह १० ओहमच्या सळईत उतरला, तर तिचा विद्युतदाब घराच्या अर्थिंगपेक्षा दोन लाख व्होल्टने वर जातो आणि हा फरक कोॲक्सच्या कवचातून, रेडिओच्या पेटीतून, वीजपुरवठ्याच्या तारेतून, म्हणजे टेबलावरच्या उपकरणांतूनच मिटतो. आपल्याकडे वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये विजा घेऊन येतो, तेव्हा माती वर्षातली सर्वांत कोरडी असते; पन्हाळ्याच्या जांभ्यात तर नदीकाठच्या काळ्या मातीइतका कमी रोध मिळण्याची आशाच धरू नये. मीठ-कोळशाने रोध उतरतो खरा, पण मीठ पावसात वाहून जाते आणि सळई गंजवते. योग्य पद्धत अशी की केबल घरात शिरते तेथेच अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीकडे वळवणारे साधन) बसवावा, तो आखूड व सरळ तारेने सळईला जोडावा आणि ती सळई जाड तांब्याने घराच्या अर्थिंगशी बांधावी. अर्थिंगविषयीची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ हीदेखील घरातली सर्व अर्थिंगे एकमेकांशी जोडण्याच्याच बाजूची आहे. एवढे केल्यावरही ढग दाटण्यापूर्वी केबल घराबाहेरच सोडवून अर्थिंगला जोडावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

सुरक्षेचे अर्थिंग रेडिओ लहरींसाठीही चालेलच असे नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली दहा मीटरची अर्थिंगची तार ७ मेगाहर्ट्झला जवळजवळ पाव तरंगलांबीची भरते, त्यामुळे वरच्या टोकाला ती रेडिओ लहरींसाठी अर्थिंग उरतच नाही. डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या, दोन सारख्या तारांच्या अँटेनाला) अशा अर्थिंगची गरज नसते. एका टोकाने जोडलेल्या तारेसाठी मात्र काउंटरपॉइज (जमिनीऐवजी अँटेनाची दुसरी बाजू म्हणून पसरलेली तार) पसरावा.

आता ट्यूनर. तो रेडिओला हवे असलेले ५० ओहम दाखवतो. अँटेनाकडच्या केबलवरील एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते सांगणारे गुणोत्तर; १:१ म्हणजे उत्तम) होता तसाच राहतो. तीस मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स केबल), २८ मेगाहर्ट्झ आणि अँटेनापाशी १०:१ एसडब्ल्यूआर असेल, तर ट्यूनरवर जुळणी उत्तम दिसत असतानाही १०० वॅटपैकी सुमारे पंचवीसच अँटेनापर्यंत पोचतात. उरलेले केबल तापवतात. रेडिओतला अंतर्गत ट्यूनर बहुधा ३:१ पर्यंतच जुळवतो, आणि अर्धतरंग लांबीची तार, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला सुमारे वीस मीटर, टोकाला इतकी उच्च प्रतिबाधा (पर्यायी प्रवाहाला होणारा रोध) देते की साध्या ट्यूनरमध्ये ठिणग्या उडतात. म्हणून माझ्या मते एकाच बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) बोलायचे असेल तर ट्यूनरवर खर्च करण्याऐवजी डायपोल नीट कापावा. अनेक बँड हवे असतील तर अँटेनाच्या पायथ्याशी बसणारा स्वयंचलित ट्यूनर घ्यावा. टी-प्रकारचा हाताने फिरवायचा ट्यूनर असेल, तर ज्या जुळणीत कपॅसिटर जास्तीत जास्त आणि इंडक्टर कमीत कमी राहतो तीच ठेवावी, कारण तिच्यात ट्यूनरच्या आतला अपव्यय सर्वांत कमी होतो.