खुलासा: देवगुराडियात प्लास्टिकपासून गॅस होत नाही

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतंय की देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात कोणत्याही कचऱ्यापासून गॅस होतो, म्हणून ओला-सुका वेगळा करायची गरज नाही. हे साफ चूक आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेला हा गोबरधन बायो-सीएनजी (कचऱ्यापासून वाहनांचा गॅस) प्रकल्प ओल्या कचऱ्यावरच चालतो. उद्घाटनावेळी क्षमता रोज ५५० टन. त्यातून सुमारे १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत. बंद टाकीत, हवेशिवाय, जिवाणू उष्टं-खरकटं कुजवतात तेव्हा मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, तयार होतो. प्लास्टिक नि काच त्यांना पचत नाही. उलट यंत्रं अडतात, खतात तुकडे उतरतात. आणि हो, भाजीची देठं पॉलिथिनमध्ये बांधून देणंही तितकंच घातक! डायपर, पॅड वेगळ्या डब्यात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.