बेस ऐकाक येव दे रे म्हाराजा!

आमच्याकडे सिंधुदुर्गात लोकांचे कान पखवाजावर पोसलेले आहेत. डबलबारीत, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यात, बुवांची गाडी रंगात आली आणि पखवाजवाल्याने धुमावर, म्हणजे डाव्या घुमणाऱ्या बाजूवर, एक थाप मारली, की शेवटच्या खुर्चीवर पेंगणारे आजोबा ताठ बसतात. बरं, हा दणका आणायला खर्च किती? मूठभर कणीक. पाण्यात मळायची, धुमाच्या पुडीवर मधोमध थापायची, आवाज हलका वाटला तर आणखी चिमूटभर. कार्यक्रम संपला की खरवडून टाकायची.

अशा मुलखात मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे चार जाड तारांची, खालचे स्वर देणारी गिटार.

गणपतीपासून शिमग्यापर्यंत आमच्या ऑर्केस्ट्राला बरं काम असतं. हळदी, सत्यनारायणाच्या पूजा, मंडळांचे वर्धापनदिन. प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणीतरी येऊन ढोलकीवाल्याची पाठ थोपटतो, गायिकेला बक्षीस देतो आणि मला विचारतो, "तुम्ही लाईट बघतास काय?" आईचं मत तर पहिल्यापासून पक्कं. "भजनातल्या एकतारीक एकच तार, ती घुमता गावभर. तुझ्याकडे चार, आणि सगळ्यो मुक्यो!"

शेवटी बँडच्या बैठकीत ठराव झाला की दोष पिकअपचा आहे. ठराव मांडणारा कीबोर्डवाला. कीबोर्डला पिकअप नसतं, त्यामुळे त्याला त्या विषयावर बोलायला मोकळीक आहे.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली ती काळी डबी. आत लोहचुंबकाचे खुंट आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे चष्मा न लावता ती आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत, म्हणजे कॉईलमध्ये, किंचित वीज उपजते. फॅरडेने हे १८३१ सालीच दाखवून ठेवलं. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९५७ पासून त्यात दोन तुकड्यांचं पिकअप बसवलं. दोन तारा एका तुकड्यावर, दोन दुसऱ्यावर, आणि दोन्ही कॉईल एकमेकींची घरघर मारतात. माझी गिटार त्याच घाटाची आहे, फक्त किमतीत तीन पिढ्या खालची.

आता, पिकअप बदलण्याआधी ते वर-खाली करून बघावं, हे कोणताही जाणता माणूस सांगेल. बाजूचे स्क्रू सैल केले की डबी वर येते, तारांच्या जवळ जाते, आवाज वाढतो. फुकटात. मी स्क्रू सैल करायला घेतला. पण समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असला की स्क्रू या वस्तूशी माणसाचे संबंध वेगळे असतात. खाऱ्या हवेने त्याचं डोकं आधी तांबूस झालं होतं, मग गोल. स्क्रूड्रायव्हर नुसता त्याची मान खाजवत होता. मशीनचं तेल घातलं, रात्रभर ठेवलं, सकाळी देवाचं नाव घेऊन फिरवला. फिरला! अगदी लोण्यासारखा फिरला. डबी मात्र जागची हलली नाही.

कारण खालचा फोम. डबी वर ढकलण्याचं काम त्या फोमच्या तुकड्याचं. आमच्या पावसाळ्यात पापड सादळतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे फोमची काय कथा. डबी उचलून बघितली तर खाली तपकिरी चुरा, बोट लावलं की बोटाला चिकटणारा. मी जुन्या रबरी चपलेचा एक चौकोन कापायला घेतला. मापही झकास आलं होतं. तेवढ्यात आई आली.

"वाद्याखाली चप्पल घालतंस? सरस्वती म्हणतत तिका!"

मी म्हटलं, ही सरस्वती तैवानची आहे. त्याचा उपयोग झाला नाही. ती माळ्यावर चढली आणि गणपतीच्या मखरातून उरलेल्या फोमच्या शीटचे तुकडे घेऊन खाली आली. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचं मखर फोमचंच असतं. तेव्हापासून माझं पिकअप साक्षात बाप्पाच्या प्रभावळीवर उभं आहे, आणि त्याला नावं ठेवायची आता घरात सोय नाही.

उंची किती ठेवायची याचंही गणित असतं. तार गिटारच्या मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, दाबून धरायची, आणि तार नि चुंबक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची, जाड तारेकडे थोडी जास्त. मोजायला रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली. ती चुंबकाला अशी चिकटली की नखाने उपटावी लागली. लोभाने डबी अगदी वर घेतली तर चुंबक तारेलाच ओढायला लागतो, सूर डगमगतो आणि एका पट्टीतून दोन स्वर निघाल्यासारखे वाटतात. तेव्हा माफक वर घेतली. शिवाय तारा नव्या घातल्या. हे मी कोणालाही आधी सांगेन, कारण खारट हवेत मेलेल्या तारांवर कसलंही महागडं पिकअप लावलं तरी ते मेलेल्या तारांचाच आवाज मोठ्याने ऐकवतं. घरात फरक चांगला पडला. आईने स्वयंपाकघरातून "हळू!" म्हणून ओरडून पोचपावतीही दिली.

पण ठराव झाला होता ना. कीबोर्डवाल्याने परस्पर जास्त आउटपुटचं पिकअप मागवलंसुद्धा, सिरॅमिक चुंबकाचं, बँडच्या फंडातून. ते बसवायचं कोणी? तालुक्याला मोटर रिवाइंडिंगवाले भाऊ आहेत. अख्ख्या पंचक्रोशीच्या विहिरींवरचे पंप त्यांच्या हातून जातात. कॉईल हा शब्द ऐकून त्यांचे डोळे चमकले. नव्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आधी माझ्या जुन्या पिकअपला मीटर लावला. काटा कुठल्या कुठे गेला.

"दहा हजार ओहम!" त्यांनी मीटर टेबलावर ठेवला. घरात कोणी गेल्यावर ठेवतात तसा. "कॉईल गेली, रे. जळली हा."

त्यांचं चूक नव्हतं. पंपाच्या मोटरीची वाइंडिंग काही ओहमांत असते. दहा हजार म्हणजे त्यांच्या धंद्यात मृत्यूचा दाखला. या जातीच्या पिकअपला मात्र तेवढा रेझिस्टन्स असतोच, अति बारीक तार आणि हजारो वेढे म्हटल्यावर होणारच. हे समजावायला मला दोन चहा लागले. मग ते म्हणाले, "मगे नया कित्याक घेतलंस? माका दी, जाड तारेत गुंडाळून देतंय. पाच एचपीची करून देतंय. पाणी थेट टाकयेत चढताला!"

मी त्यांना सांगितलं की वेढे वाढवले की आवाज दांडगा होतो खरा, पण वरचा चुरचुरीतपणा जातो, जाडसर ढब्ब ऐकू येतं. "मगे? तुका ढब्बच होया ना?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शेवटी नवं पिकअप त्यांनी बसवलं, आणि सोल्डरचे डाग मात्र सुरेख दिले. चमकदार, गोलसर, पंपाला शोभतील असे. मध्ये एकदा वीज गेली तेव्हा सोल्डरिंग आयर्न थंड होईपर्यंत आम्ही आंब्याच्या मोहोरावर बोललो, वीज आल्यावर पुन्हा पिकअपवर.

घरी येऊन ॲम्प लावला आणि घुंऽऽ सुरू झालं. तारांवर हात ठेवला तरी घुंऽऽ, हात काढला तरी घुंऽऽ. शेजारचे भजनीबुवा पेटी घेऊनच आत आले. "पांढरी पाच," म्हणाले, "पण जरा चढी हा." कान बघा म्हाताऱ्याचे! आपली वीज ५० हर्ट्झने धावते, आणि बेसच्या जाड तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा स्वर ४९ हर्ट्झचा. तोच पांढरी पाचचा खर्ज. म्हणजे घराघरांत वीजच बेस वाजवत असते, बिलासकट, आणि ती सगळ्यांना ऐकू येते. भानगड साधी निघाली. ब्रिजला, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या तुकड्याला, जाणारी अर्थची बारीक तार या सगळ्या गडबडीत सुटली होती. भाऊंनी ती जोडून दिली, पण "अर्थिंग नसलेली मोटर कोण चालवता काय?" हे ऐकवूनच.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम एका वाडीतल्या मंडळाचा. सुरुवातीला मानकऱ्यांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांनी जो काय कार्यक्रम मांडलो हा, तो नीट पार पाड रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" कीबोर्डवाल्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं असावं. "आणि ह्या चार तारेच्या गिटाराक वाचा फुटू दे रे म्हाराजा!" अख्खा मंडप हसत ओरडला, "होय म्हाराजा!"

मी पहिला स्वर मारला. छातीत धडकला. दुसरा मारला, तोही. तिसऱ्याला मंडपाच्या कोपऱ्यातून साऊंडवाल्याने हात वर केला. त्याच्या मिक्सरवर माझ्या चॅनेलचा दिवा लाल झाला होता. "सिग्नल लय जोरात येता, दादा," म्हणाला, आणि माझ्याकडे बघत बघतच त्याने गेनचा, म्हणजे सिग्नल किती आत घ्यायचा त्याचा, खटका डावीकडे फिरवला. पुरता. जुन्या पिकअपने जेवढं ऐकू यायचं, बरोबर तेवढ्यावर आणून ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ आले. ढोलकीवाल्याची पाठ थोपटली. मला म्हणाले, "लाईट बरी होती."

जुनं पिकअप भाऊंनी ठेवून घेतलं. टेबलाखाली सांडलेले स्क्रू आणि वॉशर ते आता त्यानेच उचलतात. परवा गेलो तेव्हा दाखवलं त्यांनी. "बघ," म्हणाले, "जळलेला असान पण काय ओढता!"