बारदानासकट

मी नेमकं काय काम करतो हे आईला समजावून सांगायचा नाद मी सोडला आहे. 'थंडीत काम करतो' एवढंच तिने लक्षात ठेवलंय. त्यामुळे ऐन मे महिन्यात, मुंबईत शर्ट पाठीला चिकटलेला असताना, ती फोनवर विचारते, "स्वेटर घालतोस ना रे?"

थंडी एका पिंपात असते. पिंपात पिंप, त्यात आणखी पिंप, आणि सगळ्यात आतल्या पिंपात निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, एकदोन शतांश अंशच वर असलेलं तापमान. मला मात्र घाम येतो, कारण त्या पिंपाला गार करणारा कॉम्प्रेसर शेजारच्या खोलीत भट्टीसारखा तापलेला असतो. शिवाय पिंपाच्या डोक्यावरचा पल्स ट्यूब, म्हणजे थंडावा देणारा भाग, दिवसरात्र चीक्‌-चुक्‌, चीक्‌-चुक्‌ करतो. हल्ली तो बंद पडला की मला जाग येते.

या पिंपात मी खडीसाखरेच्या खड्याएवढ्या एका स्फटिकाची उष्माधारकता, म्हणजे तो एक अंशाने तापायला किती उष्णता लागते ते, मोजतो. दहावीत मेणाच्या थरावर तापलेले गोळे ठेवले होते ना, तीच ही उष्माधारकता. फरक इतकाच की ते गोळे चाळीस मिनिटांच्या तासात उरकायचे.

हा उपद्व्याप कशासाठी? एखादा कण स्फटिकावर आदळला की त्याची ऊर्जा शेवटी उष्णता होते. ती इतकी कमी की एरवी स्फटिकाला पत्ताही लागणार नाही. पण पीटर डिबाय या भौतिकशास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवून दिलं की खूप थंडीत स्फटिकाची उष्माधारकता तापमानाच्या घनाप्रमाणे उतरते. तापमान दहापट कमी केलं की उष्माधारकता हजारपट कमी. मग कणाच्या टिचकीनेही स्फटिक तापतो. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली 'क्युओरे' प्रयोगात टेल्युरियम ऑक्साइडचे ९८८ स्फटिक असेच गारठून बसलेत. एकेक पाऊण किलोचा, तापमान १० मिलीकेल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दहा हजारांशांच्या, आसपास. एक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा पडली तर असा स्फटिक सुमारे ०.१ मिलीकेल्विनने तापतो. न्यूट्रिनो हा अतिशय हलका कण स्वतःचाच प्रतिकण, म्हणजे उलटा जुळा, आहे का, हे त्यातून कळावं अशी आशा. बाहेरचा किरणोत्सार अडवायला त्यांनी बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं शिसं वापरलंय. आमच्याकडे जुनं म्हणावं असं एक स्टूल आहे.

आता मोजायचं कसं? बारीक दोऱ्यांनी टांगलेल्या चकतीवर स्फटिक चिकटवायचा. चकतीवर एक हीटर, एक तापमापक. हीटरने चिमूटभर उष्णता द्यायची, तापमान किती चढलं आणि किती वेळात उतरलं ते बघायचं. एवढंच. फक्त तापते ती सगळी वरात : चकती, हीटर, तापमापक, तारा आणि स्फटिक चिकटवायचं ग्रीससुद्धा. म्हणून आधी रिकाम्या चकतीचं मोजमाप घेऊन ते वजा करायचं. वाणी तेल देताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, तसंच.

मी धडा केला होता. व्यवस्थित केला होता. मग पिंप उघडून, बोटभर ग्रीसने स्फटिक बसवून, इंडियमची तार दाबून झाकणं बंद केली. गार व्हायला दोन दिवस. तिसऱ्या रात्री आकडे आले आणि माझे कान गरम झाले. उष्माधारकता पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी जास्त! आणि जसजसं खाली जावं तसतसा फरक वाढत चाललेला. हे नवं भौतिकशास्त्र आहे याबद्दल पहाटे साडेतीनला माझ्या मनात शंका उरली नव्हती. शोधनिबंधाचं शीर्षकही ठरलं. स्टॉकहोमला काय घालायचं यावर थोडा विचार झाला. (स्वेटर.)

सकाळी सरांनी आलेख पाहिला. चहा खाली ठेवला.

"ग्रीस किती लावलंस?"

"जरासं, सर."

"जरासं म्हणजे किती मिलिग्रॅम?"

मी गप्प.

"धडा केलास तेव्हा ग्रीस होतं?"

"होतं की, सर. जरासं."

"म्हणजे हे जरासं आणि ते जरासं, सारखंच?"

मग त्यांनी कागदाच्या मागे दोन रेघा काढल्या. स्फटिकाची उष्माधारकता घनाने कोसळते. ग्रीससारख्या विस्कळीत पदार्थाची मात्र इतक्या थंडीत साधारण तापमानाच्याच प्रमाणात, म्हणजे रमतगमत, उतरते. जितकं खाली जावं तितका स्फटिक अदृश्य आणि ग्रीस शिरजोर. तीन रात्री जागून मी ग्रीसची उष्माधारकता मोजली होती. आणि तीही आधीच कुणीतरी मोजून ठेवलेली आहे, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

पिंप परत तापवायचं, म्हणजे पुन्हा एक-दोन दिवस. घाई करून झाकण काढलं तर आतल्या गार धातूवर मुंबईची सगळी दमट हवा दव होऊन बसते. मग मी ग्रीस पुसून टाकलं, तराजूवर काच ठेवून नव्याने तोललं, धडा परत केला, वहीत लिहिलं : २.१ मिलिग्रॅम. लिहिताना हात थरथरत होता, त्यामुळे २.१ चं ३.१ दिसतंय. खाली शब्दांतही लिहून ठेवलं, चेकवर लिहितात तसं.

परवा पिंप गार होत असताना आईचा फोन आला. ती थालीपिठाची भाजणी करत होती. म्हटलं, सांग मला, मीही करून बघतो. तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद सगळं वाटीने नीट सांगितलं.

"आणि धने?"

"घाल की अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती मिलिग्रॅम?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"मागे कसलं चीक्‌-चुक्‌ वाजतंय रे?" ती म्हणाली. "त्या पंख्याला तेल घाल जरासं."