खरवडायच्या आधी नमुना घ्या

शुक्रवार पेठेतला वाडा असो नाहीतर दगडी सरकारी इमारत, कोल्हापुरात जतनाचं काम निघालं की पहिल्याच दिवशी रंगारी पॉलिश पेपर घेऊन परांचीवर चढतो. दार कोरं होईपर्यंत घासून झालं की मग कुणीतरी विचारतं, "मूळ रंग कुठला होता हो?" उत्तर तोवर पोत्यात भरून गेलेलं असतं.

बोटभर जागा खरवडून शेडकार्डाशी जुळवणं हा तर नुसता अंदाज. जवसाच्या तेलातला पांढरा रंग वरच्या थरांखाली अंधारात पिवळा पडतो आणि आपण त्याला 'मूळ क्रीम' म्हणून मोकळे होतो. सगळ्यात खालचा तांबडा थरही पुष्कळदा नुसतं अस्तर, म्हणजे रंगाआधीचा हात असतो.

जुन्या रंगथरांचा अभ्यास तज्ज्ञाकडे सोपवताना आधी प्रश्न लिहून द्या. नवा राजवाडा १८८४ साली पूर्ण झाला. त्या काळातल्या इमारतीचा पहिला रंग हवाय, की शाहू महाराजांच्या कारकिर्दीतला? हे ठरलं नसेल तर अहवाल जाडजूड येतो आणि उपयोग शून्य.

नमुना ३ ते ५ मिलिमीटरचा, पण खालच्या लाकडासकट किंवा गिलाव्यासकट. जागा आडोशाच्या: बिजागरीमागे, चौकटीच्या कोपऱ्यात, नंतर ठोकलेल्या पट्टीखाली. प्रत्येक दार-खिडकीचे दोन-तीन तरी घ्या, कारण एखादी झडप मागाहून बदललेली किंवा आधीच तासलेली निघते. नीळ घातलेल्या चुन्याचे थर ठिसूळ, तिथं तुकडा मोठा लागतो. पंचगंगेच्या पुराचं पाणी चढलेल्या भिंतीत नमुना पाण्याच्या खुणेच्या वरून घ्यावा. खाली क्षारांनी चुना सुटलेला असतो.

नमुना रेझिनमध्ये बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली साध्या आणि अतिनील प्रकाशात बघतात. दोन थरांमध्ये मळाची काळी रेघ दिसली तर खालचा थर काही वर्षं उघडा होता. रेघ नसेल तर बहुधा अस्तर आणि रंग एकाच कामातले. टायटॅनियमचा पांढरा सापडला तर तो थर साधारण १९२० नंतरचाच. महागड्या यंत्राची चाचणी सरसकट मागू नका. सूक्ष्मदर्शकाने न सुटलेल्या थरांपुरती पुरते.

अहवालात प्रत्येक नमुन्याचा फोटो, नकाशावरची जागा, थरांचा तक्ता आणि मन्सेल क्रमांक (रंगछटा नेमकी सांगणारा प्रमाणित क्रमांक) हवाच. कंपनीचा शेड नंबर चालणार नाही, शेडकार्डं बदलतात. उरलेले नमुने मालकाकडे ठेवायची अट करारात घाला.

रंगाऱ्याचं टेंडर यानंतर. त्यात कोरडं घासायला मनाई लिहा, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आणि दर खोलीत तळहाताएवढी जागा सगळ्या थरांसकट तशीच सोडायला सांगा.