स्कूटर ऑइल सील बदलायला दिली होती, नटवायला नाही!

एक ऑइल सील, तेल अडवणारी रबरी कडी. बस्स. चेनकेसच्या (चेनच्या डब्याच्या) बाजूचं क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, सील गेलं होतं, गिअरचं ऑइल इंजिनात ओढलं जायचं आणि मागे धुराचा लोट. एवढ्यासाठी लॅम्ब्रेटा गॅरेजात टाकली. महिनाभर फोन केले की एकच उत्तर, "काका, टेन्शन नका घेऊ, शोरूम कंडिशन करून देतो." तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

शनिवारी आणायला गेलो तर समोर लालभडक, क्रोमने मढवलेली कुठलीतरी नवरी उभी. नंबर प्लेट बघितली. माझीच!

१९६७ ची एलआय १५० आहे ती, मुंबईच्या एपीआय कंपनीची. डिझाइन मिलानच्या इनोसेंटीचं. त्यांनी ते मॉडेल केव्हाच बंद केलं, आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं निघत राहिलं. बाबांनी नंबर लावून घेतलेली. फिकट राखाडी रंग, फूटबोर्डवर त्यांच्या चपलांनी घासून उघडा पडलेला पत्रा, हँडलखाली आईच्या पिशवीच्या कडीचा ओरखडा. कारखान्यातला रंग होता हो तो! इतकी वर्षं मुंबई-पुण्याचे पावसाळे सोसून टिकला, आणि या पठ्ठ्याने पॉलिश पेपर मारून गटारात सोडला. मला न विचारता.

लेगगार्ड बसवायला पुढच्या पत्र्याला चार भोकं. "मजबुतीसाठी." अरे, इनोसेंटी मूळचे पोलादी पाइपवाले, आतला सांगाडाच जाड नळीचा आहे. मजबुती तिथे असते, तुझ्या क्रोमच्या दांडक्यात नाही!

बरं, आत तरी काय दिवे लावले? सील क्रँकच्या एका टोकाला, फ्लायव्हील, म्हणजे पंखा असलेलं जड चाक, दुसऱ्या टोकाला. ते कशाला उघडलं देव जाणे, पण उघडलं, आणि तेही हातोडीने. क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं ते, ओढून काढायला पुलर लागतो. पंख्याची दोन पाती उडाली. इंजिन पॅनेलांच्या आत, बाहेरचा वारा तिथे पोचत नाही, सिलिंडर थंड राहतो तो याच पंख्यावर. आणि तो वारा सिलिंडरभोवती फिरवणारं पत्र्याचं कव्हर? "खडखडत होतं काका, काढून टाकलं." उद्या पिस्टन जाम झाला की हाच म्हणणार, जुन्या गाड्यांचं असंच असतं.

तिथेच एक टपकेश्वर उभे होते. फोटो काढत मला सल्ला, "आता विंटेजमध्ये नोंदवून टाका." २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरची गाडी तशी नोंदवता येते, बरोबर. पण मग ती रोज रस्त्यावर काढायची नाही. मी मंडईत जातो हो तिच्यावर! पुढच्या हुकाला मेथीची जुडी लटकते तिच्या. (तो हूकही गायब आहे, आत्ता लिहिताना आठवलं.)

बिल अडतीस हजार. डेंटिंग, पेंटिंग, क्रोम, सीट कव्हर, स्टिकर. दोनदा वाचलं. म्हटलं, यात सील कुठे आहे?

"ते मिळालं नाही काका. पण गाडी बघा ना, कसली दिसतेय!"

किक मारली. आख्खं गॅरेज पांढरं झालं.