‘टॉवर लोकेशन काढलं की आरोपी सापडतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

खुनाच्या तपासातल्या पहिल्या चोवीस तासांवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘रांगडा करवीरकर’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. मी म्हणे पोलिसांची आरती ओवाळतो. आजकाल टॉवर लोकेशन आणि सीसीटीव्ही काढलं की आरोपी दोन दिवसांत सापडतो, पंचनामा, सील, लेबल हे सगळं ‘कागद रंगवणं’ आहे. कोल्हापुरात गुन्हे उघडकीला येतात ते खबऱ्यांमुळे आणि फटक्यांमुळे. प्रयोगशाळेचे अहवाल वर्ष वर्ष येत नाहीत. या गृहस्थांच्या पाहुण्यांतल्या एका खुनाच्या खटल्यात ‘लॅबने वाट लावली’ आणि आरोपी सुटला, त्यावर मी काय बोलणार, असाही सवाल आहे. आणि शेवटी, ‘एसीत बसून लिहिणाऱ्यांना चौकीची पायरी माहीत नसते.’

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याविरुद्ध लिहिलेल्या प्रतिक्रिया आजवर मी जशाच्या तशा ठेवल्या आहेत, हीसुद्धा ठेवली आहे. पण टोपणनावाआडून एखाद्याच्या सचोटीवर शिंतोडे उडवायचे आणि त्यालाच सडेतोडपणा म्हणायचं, हे मला पटत नाही. माझी वकिली फौजदारी बाजूला झाली, आधी भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टात आणि मग कसबा बावड्याच्या नव्या इमारतीत. तीही बहुतेक आरोपीच्या बाजूने. तपास अधिकाऱ्याला पिंजऱ्यात उभं करून त्याच्या पंचनाम्यातली भोकं दाखवणं हेच माझं काम होतं. त्या माणसाला तुम्ही पोलिसांचा भाट म्हणता. लेख नीट वाचला असतात तर त्यात पोलिसांच्या कोणकोणत्या चुका मांडल्या आहेत हे दिसलं असतं. बहुधा मथळा वाचूनच तुम्ही लिहायला बसलात.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. अहवालांना उशीर होतो. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा असूनही होतो, आणि त्याचा त्रास फिर्यादीला होतो तसाच कच्च्या कैदेतल्या आरोपीलाही होतो. त्या लेखात मी त्यावर दोनच ओळी लिहिल्या होत्या, जास्त लिहायला हवं होतं.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. ‘टॉवर लोकेशन काढलं की आरोपी सापडतो.’ हे इतक्या जणांच्या तोंडी ऐकतो की सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

टॉवर लोकेशन निघतं ते सीडीआरमधून. सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड) ही मुळात फोन कंपनीने आपल्या हिशेबासाठी ठेवलेली नोंद. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद बोलणं झालं, हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोणता, कॉल सुरू होताना आणि संपताना फोन कोणत्या सेल आयडीवर होता, एवढं तीत असतं. सेल आयडी म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाची ओळख. बहुतेक टॉवरवर तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंशांचा तुकडा, म्हणजे सेक्टर, येतो. राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत हा तुकडा काहीशे मीटरचा असतो. गगनबावड्याकडे टॉवर विरळ, तिथे तोच काही किलोमीटर पसरतो. शिवाय फोन नेहमी सर्वांत जवळचाच टॉवर पकडेल असं नाही. तिथे गर्दी झाली असेल, मध्ये डोंगर किंवा मोठी इमारत असेल तर तो लांबच्या टॉवरवर जातो. जागेवरून न हललेल्या माणसाचा फोनही पाच मिनिटांत दोन सेक्टर बदलू शकतो.

म्हणजे सीडीआर सांगतो ते इतकंच की हा फोन त्या वेळी या तुकड्यात कुठेतरी होता. तो कोणाच्या हातात होता, हे तो सांगत नाही. त्यासाठी सिमकार्डाचा मूळ अर्ज लागतो. सिम भलत्याच्याच नावावर असेल तर हा नंबर आरोपीच वापरत होता हे सांगणारी माणसं लागतात. त्या नंबरवरून त्याच्या घरी, आईला, बायकोला रोज जाणारे कॉल दाखवावे लागतात. आरोपीने फोन घरी ठेवून दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन जायचं ठरवलं, तर तोच सीडीआर त्याच्या बचावाचा कागद होतो. असे कागद मी स्वतः कोर्टात दाखल केले आहेत. व्हॉट्सअॅपवरून केलेला कॉल सीडीआरमध्ये दिसतच नाही, त्यासाठी आयपीडीआर मागवावा लागतो, आणि त्यात इंटरनेट वापरल्याची नोंद मिळते, बोलणं नाही.

संशयितच माहीत नसेल तेव्हा पोलीस ‘टॉवर डंप’ काढतात, म्हणजे ठरावीक वेळेत त्या टॉवरवर आलेले सगळे नंबर. संध्याकाळी सातला महाद्वार रोडचा डंप काढा, हजारो नंबर हातात पडतील. जाणता अधिकारी एका डंपवर थांबत नाही. मारलं ती जागा, प्रेत टाकलं ती जागा, गाडी सोडली ती जागा, असे दोन-तीन डंप काढून तिन्हींत समान असलेले नंबर तो वेगळे करतो. त्यातून दूधवाले, रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक वगळतो. ऐन वेळी बंद पडून सकाळी पुन्हा सुरू झालेले नंबरही तो वेगळे काढून बघतो. इतकं करून हाती काय येतं, तर चौकशीला बोलवायच्या माणसांची यादी. आरोपी नव्हे, यादी.

सीसीटीव्हीचंही तसंच. दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर असतंच असं नाही, कुणाचं दहा मिनिटं पुढे तर कुणाचं चाळीस मिनिटं मागे. म्हणून जप्तीच्या वेळी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहायचा असतो, दोन्ही वेळा एकाच फोटोत घ्यायच्या असतात. हे राहिलं की बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि मग टॉवरची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ जुळत नाही. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो, त्यात काही काळे कपडे पांढुरके दिसतात. ‘पांढरा शर्ट घातलेला इसम’ म्हणून भलत्याच माणसामागे तपास जातो तो अशाने. आणि हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतो, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. कॅमेरा नंतर बघू म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला काही दिवसांनी कोरी डिस्क मिळते.

चित्रण सापडलं तरी ते पेन ड्राइव्हवर घेऊन कोर्टात दिलं की झालं, असं नसतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि भाग ब, आणि त्यात त्या फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली खूण, लिहावी लागते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती किंमत बदलते, म्हणून नंतर कुणी हात लावला का हे कळतं. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं नसेल तर प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात निःसंदिग्ध सांगितलं. म्हणजे तुमच्या टॉवर आणि कॅमेऱ्यालासुद्धा शेवटी कागदच लागतो. तुम्ही ज्याला कागद रंगवणं म्हणता तोच.

आणि तो कागद नीट झाला नाही तर काय होतं ते ऐका. उसाच्या फडात प्रेत सापडलं आहे, पावसाचे दिवस आहेत, असं धरा. रक्त मुरलेली माती घ्यायची, आणि थोड्या अंतरावरची साधी मातीही वेगळ्या पुडीत घ्यायची. साधी माती नसेल तर प्रयोगशाळेला तुलनाच करता येत नाही. रक्ताचे कपडे ओले असतील तर आधी सावलीत वाळवायचे, उन्हात नाही, आणि मग कागदात बांधायचे. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की आतल्या दमटपणात जिवाणू आणि बुरशी वाढते, डीएनए तुटतो, आणि अहवालात ‘रक्तगट अनिर्णित’ असं येतं. मयताचे कपडे आणि आरोपीचे कपडे एका पिशवीत, एका टेबलावर, एकाच हातमोज्यांनी हाताळायचे नाहीत, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्यावर गेलं हा बचाव आयता मिळतो. सीपीआर रुग्णालयात शवविच्छेदनाच्या वेळी मयताच्या रक्ताचा नमुना जपून ठेवायला सांगायचा, कारण कोयत्यावरचं रक्त जुळवायचं कशाशी? कोयत्याची लाकडी मूठ विसरायची नाही, पातं धुतलं तरी मुठीच्या फटीत रक्त राहतं. आणि हत्यार प्रयोगशाळेइतकंच डॉक्टरलाही दाखवायचं, या जखमा याने होऊ शकतात का हे लेखी विचारायचं. हा अभिप्राय न घेतलेली दोषारोपपत्रं मी पाहिली आहेत.

प्रत्येक पुडीला लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक, बाहेर नेल्याची नोंद, प्रयोगशाळेची पोचपावती आणि तिच्यावर ‘सील शाबूत’ हा शेरा. यातली एक कडी तुटली तर काय होतं ते दिल्लीच्या छावला प्रकरणात, एका तरुण मुलीवरच्या बलात्काराच्या आणि खुनाच्या खटल्यात, देशाने पाहिलं. खालच्या कोर्टाने तिघांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. २०१२ च्या फेब्रुवारीत १४ आणि १६ तारखेला जप्त केलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून होते, त्यांच्यात फेरफार झाला नसेल असं म्हणता येत नाही, हे त्यामागचं एक कारण. ओळख परेड घेतली नव्हती, हे दुसरं. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचे आणि ते कुणाकुणाच्या हातून गेले याची नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवायची. आता सांगा, सील आणि लेबल बिनकामाचं आहे का? छावल्याच्या त्या मुलीच्या आईबापांना दहा वर्षांनी काय ऐकावं लागलं याचा विचार करून सांगा.

परिस्थितीजन्य पुराव्यावरचा खटला कसा तोलायचा हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद सारडा खटल्यात सांगून ठेवलं आहे. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी, ती फक्त आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणारी हवी, आणि साखळी इतकी पूर्ण हवी की दुसऱ्या कुठल्याही शक्यतेला जागा उरू नये. टॉवर ही त्या साखळीतली एक कडी. तुम्ही एका कडीला साखळी म्हणता.

खबरे आणि फटके यांवर फार लिहीत नाही. खबऱ्या माणूस दाखवतो, पण तो कोर्टात साक्षीला येत नाही. फटक्यांनी पोलिसांपुढे मिळवलेली कबुली पुराव्यात येत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून खरोखर एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा येतो, आणि तेही पंच टिकले तर. ज्या डीएनए तंत्राचं सगळे कौतुक करतात, त्याचा इंग्लंडमध्ये १९८६ साली खुनाच्या तपासात पहिल्यांदा वापर झाला तेव्हा त्याने आधी सोडवलं ते एका मुलाला, ज्याने न केलेला खून कबूल केला होता. आपल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या बालहत्याकांड खटल्यात माफीचा साक्षीदार होता, पण माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा मिळाल्याशिवाय कोर्ट पुढे जात नाही, हे त्या निकालपत्रांतही वाचायला मिळेल. फटक्यांचं समर्थन करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. चौकीच्या पायरीबद्दल तर बोलतच नाही.

राहिला तुमच्या पाहुण्यांचा खटला. आरोपी सुटला याचं दुःख मला समजतं आणि त्यावर मी काही हिणकस बोलणार नाही. पण ‘लॅबने वाट लावली’ हे तुम्ही कागद न बघता लिहिलं आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून निकालपत्र काढा. तपास अधिकाऱ्याच्या आणि मुद्देमाल कारकुनाच्या साक्षीची चर्चा जिथे आहे ते परिच्छेद वाचा. अहवाल कधी आला ती तारीख सोडा. कपडे जप्त झाले ती तारीख आणि ते प्रयोगशाळेत पोचले ती तारीख शेजारी शेजारी लिहा, मधल्या दिवसांत ते कुठे आणि कुणाच्या ताब्यात होते याचा पुरावा आला होता का ते बघा, आणि पोचपावतीवर सीलबद्दल काय शेरा आहे ते वाचा. सरकारने अपील केलं आहे का हेही तपासा. ते नसेल तर मयताच्या कायदेशीर वारसांना निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतःहून अपील करता येतं, आणि ते आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोरच चालेल. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल.